पुस्तक मिटल्यावर काय आठवते? दहावीच्या अभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दहावीची पत्रे वाढू लागतात. या अंकासाठी कोकण किनाऱ्यावरील गावांतून आलेली काही पत्रे निवडली आहेत. ती थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : बाई, मी देवगड तालुक्यातील एका शाळेत दहावीत शिकते. रोज पहाटे उठून अभ्यास करते. इतिहास, भूगोल आणि विज्ञान या विषयांचे धडे माझे तीन-तीनदा वाचून झाले आहेत आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघाही मारलेल्या आहेत. वाचताना सगळे येते असे वाटते, पण सहामाही परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आली आणि वाचलेलेच आठवेना. घरची माणसे म्हणतात, आणखी वाच. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

उत्तर : तुझ्या स्मरणशक्तीत काही उणे नाही. तू केलेस तेच बहुतेक विद्यार्थी करतात आणि त्यातच फसगत आहे. तिसऱ्यांदा वाचताना धडा सोपा वाटतो, कारण त्यातील वाक्ये, आकृत्या, एवढेच नव्हे तर एखादी व्याख्या पानावर कोणत्या कोपऱ्यात आहे हेदेखील परिचयाचे झालेले असते. परंतु परिचय असणे वेगळे आणि कोणाच्या मदतीशिवाय आठवणे वेगळे. आठवडा बाजारात समोरचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तसे तुझे परीक्षेत झाले. वाचनाने चेहरा ओळखण्याचा सराव झाला. परीक्षेत विचारले गेले ते नाव.

हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी दिलेला उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. विशेष म्हणजे, आपल्याला हे चांगले लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होता. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते, म्हणून तुझ्या उपयोगाची पद्धत दुसरी आहे.

आता हे प्रत्यक्षात कसे करावे ते पाहू. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा घे. एकदा समजून वाच, मग पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर ‘डोबेरायनरची त्रिके’ (सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट) एवढाच मथळा लिही आणि आठवेल ते सगळे त्याखाली उतरव. लिथिअम, सोडिअम आणि पोटॅशिअम ही नावे बहुधा आठवतील. त्यांच्यातील संबंध आठवेल किंवा आठवणार नाही. आठवला नाही तरी लगेच पुस्तक उघडू नकोस. दोन-तीन मिनिटे डोक्याला ताण दे, कारण हा ताण म्हणजे वाया गेलेला वेळ नसून खरा अभ्यास तोच आहे. त्यानंतर पुस्तक उघड आणि जे राहिले ते वेगळ्या शाईने लिही. लिथिअमचे अणुवस्तुमान ६.९ आणि पोटॅशिअमचे ३९.१ यांची बेरीज ४६, तिची निम्मी २३, आणि सोडिअमचे अणुवस्तुमानही २३.०, हे गणित तू स्वतः कागदावर केलेस की मधल्या मूलद्रव्याचा नियम पाठ करण्याचे कामच उरत नाही. वेगळ्या शाईतील मजकूर हाच तुझा पुढच्या खेपेचा अभ्यास. बाकीचे तुला येते, त्यावर पुन्हा तास घालवू नकोस.

ही पद्धत सुरुवातीला मनाला लागते. तीनदा वाचलेल्या धड्याचे चारच मुद्दे कागदावर आलेले पाहून वाईट वाटते, आणि म्हणूनच मुले पुन्हा वाचनाकडे वळतात, कारण वाचताना कोणी आपली परीक्षा घेत नाही.

ज्या विषयांत कारणे लिहायची असतात तेथे आठवताना ‘का’ हा प्रश्न स्वतःला विचारत जा. भूगोलाच्या पुस्तकात ब्राझीलच्या ईशान्य भागातील अवर्षण चतुष्कोन आहे. किनाऱ्यालगतच्या अजस्र कड्यामुळे समुद्रावरून येणारे वारे अडतात आणि पलीकडचा उच्चभूमीचा प्रदेश पर्जन्यछायेत जातो, हे वाक्य पाठ करणे कठीण आहे. पण तू सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूला राहतेस. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसेंदिवस झड लागलेली असताना घाट ओलांडून पूर्वेला गेले की पाऊस कमी कमी होत जातो, हे तुझ्या पाहण्यात किंवा ऐकण्यात असेलच. ब्राझीलचे कारण या आपल्या कारणाशेजारी ठेव. दोन्हींत सारखे काय आणि वेगळे काय, हे चार ओळींत लिहून पाहिलेस तर ते उत्तर सहसा विसरणार नाहीस.

दुसरी गोष्ट दोन उजळण्यांमधील अंतराची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून आपल्याच विस्मरणाचे मोजमाप केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. विसरणे पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने होते आणि मग त्याचा वेग मंदावतो, असे त्याला दिसले. म्हणून एकाच रविवारी एक धडा चार वेळा करण्यापेक्षा तेवढाच वेळ चार दिवसांत विभागावा. आज केलेला धडा परवा, मग आठवड्याने, मग तीन-चार आठवड्यांनी आठवून लिहावा, आणि परीक्षा जितकी दूर असेल तितके हे अंतर वाढवण्यास हरकत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर धड्याचे नाव आणि पुढच्या उजळणीची तारीख लिहून ठेवलीस की रोज ‘आज काय करू’ असा प्रश्न पडणार नाही.

रेघांविषयीही लिहिले आहेस म्हणून सांगते. जॉन डनलोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अंतराने विभागणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या गटात राहिले. रेघा मारण्यात पाप नाही, पण त्या अभ्यासाची सुरुवात असतात. तयार उत्तरांच्या गाईडचेही तसेच आहे. आपले उत्तर लिहून झाल्यावर ताडून पाहण्यासाठी ते ठीक आहे, आधी उघडले तर नाही.

प्रश्न : मी दापोली तालुक्यात बंदराजवळ राहते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. सकाळी मासळी विकायला जाते, दुपारनंतर घरी असते. मुलगा दहावीला आहे. तो अभ्यास करतो की नुसता पुस्तक धरून बसतो, हे मला कळत नाही. विज्ञान-गणित मला समजत नाही. शिकवणी लावण्याइतके पैसे नाहीत. मी त्याला काय मदत करू शकते?

उत्तर : आपण करू शकाल अशी मदत अनेक पदवीधर पालकही करत नाहीत. पुस्तक आपल्या हातात घ्या आणि उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या. प्रत्येक धड्याच्या शेवटी ‘स्वाध्याय’ असतो. त्यातील एक प्रश्न वाचा आणि थांबा. तो सांगू लागला की मध्ये बोलू नका, चुकत असेल असे वाटले तरी लगेच टोकू नका. त्याचे सांगून झाल्यावर ‘मला नीट समजले नाही, पुन्हा सांग’ असे म्हणा. आपल्याला समजेल अशा शब्दांत सांगताना त्याला ते आधी स्वतः समजून घ्यावे लागेल, आणि जेथे तो अडखळेल तेथे पुस्तकातील कोणते पान पुन्हा पाहायचे हे त्याचे त्यालाच कळेल. विषय आपल्याला येत नाही ही येथे अडचण नसून उलट सोय आहे, कारण ज्याला विषय येतो तो पालक निम्मे उत्तर स्वतःच देऊन टाकतो.

मासळी निवडताना किंवा भाकऱ्या थापताना हे पंधरा-वीस मिनिटे झाले तरी पुरे. मात्र रोज वेगळा विषय घ्या आणि आठवड्यापूर्वी विचारलेले दोन प्रश्न मध्येच पुन्हा विचारा. तो पुस्तक धरून नुसता बसतो की काय, या शंकेचे उत्तरही त्यातूनच मिळेल. किती तास बसला हे मोजण्याची मग गरज राहणार नाही.

शिकवणी नसल्याची खंत बाळगू नका. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे पुस्तक फाटले किंवा पावसात भिजले तरी अडत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका शाळेत मिळतात. त्याला जे अजिबात समजत नाही तेवढ्याची यादी करून विषयशिक्षकांना मधल्या सुट्टीत विचारायला सांगा. ‘मला काही येत नाही’ असे म्हणत येणाऱ्या मुलाला शिक्षक काय सांगणार? नेमका प्रश्न घेऊन येणाऱ्यासाठी ते बहुधा वेळ काढतात.

प्रश्न : मी चिपळूणला शिकतो. गणिताची शिकवणी आहे. शिकवणीत वर्गसमीकरणाची वीस उदाहरणे दिली तर वीसच्या वीस सुटतात. पण पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायला घेतली की कोणते सूत्र वापरायचे तेच सुचत नाही. आणखी उदाहरणे सोडवू का?

उत्तर : आणखी सोडवण्यापेक्षा मिसळून सोडव. वर्गसमीकरणाच्या प्रकरणाखाली असलेले उदाहरण वर्गसमीकरणानेच सुटणार, हे तुला पहिली ओळ वाचण्याआधीच ठाऊक असते. म्हणजे त्या वीस उदाहरणांत पद्धत निवडण्याचे काम तू एकदाही केलेले नाहीस, केवळ निवडलेली पद्धत राबवली आहेस. प्रश्नपत्रिकेत शाब्दिक उदाहरण आले की ते दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे, अंकगणिती श्रेढीचे आहे की वर्गसमीकरणाचे, हे ओळखण्यातच अर्धे कौशल्य असते.

डग रोहरर आणि केली टेलर या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले गेले. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे ओळीने सोडवली, दुसऱ्या गटाने चारही आकृतींची उदाहरणे मिसळून सोडवली. सरावाच्या वेळी ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिल्या गटाची बरोबर उत्तरे २० टक्के होती आणि दुसऱ्याची ६३ टक्के. तुझ्या शिकवणीतील वीसपैकी वीस आणि प्रश्नपत्रिकेतील गोंधळ यांचा मेळ येथे लागतो.

तेव्हा असे कर. नवे प्रकरण शिकताना पहिली पाच-सहा उदाहरणे ओळीनेच सोडव, त्याशिवाय पद्धत हातात बसत नाही. त्यानंतर बीजगणिताच्या सहाही प्रकरणांतील उदाहरणांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाक आणि रोज डोळे मिटून पाच चिठ्ठ्या काढ. प्रत्येक उदाहरण वाचल्यावर सोडवण्याआधी एक ओळ लिही: ‘येथे अमुक पद्धत वापरायची, कारण अमुक.’ काही दिवस नुसते हेच करून, म्हणजे आकडेमोड न करता केवळ पद्धत ओळखण्याचा सराव करून पाहिलास तरी चालेल. अर्ध्या तासात कितीतरी उदाहरणे होतात. भूमितीतही हेच. दीपगृहावरून दिसणाऱ्या जहाजाचा अवनत कोन दिला की त्रिकोणमिती, हे सर्वांना कळते. पण वर्तुळ आणि समरूपता एकाच आकृतीत आली की मुले थबकतात, कारण पुस्तकात ती दोन वेगळ्या प्रकरणांत असतात.

शिकवणीतील शिक्षकांनाही हे सांगून पाहा. आठवड्यातून एक दिवस मिश्र उदाहरणे द्या, अशी विनंती कोणाला वावगी वाटणार नाही.

प्रश्न : आम्ही मालवणजवळच्या गावातले. घरात, शाळेच्या आवारात, मैदानावर मालवणीच बोलतो. मराठीच्या कृतिपत्रिकेत माझे गुण कमी येतात, कारण लिहिताना मालवणी रूपे येतात. सर म्हणतात, घरीही शुद्ध मराठी बोला. ते जमत नाही आणि घरी सगळे हसतात.

उत्तर : घरी मालवणी बोलण्यात काहीच गैर नाही, ती सोडूही नकोस. तुला प्रमाण मराठीत लिहायचे आहे, आणि लिहिणे लिहूनच सुधारते. जेवताना ‘मला भात वाढा’ म्हटल्याने निबंध सुधारेल असे मला वाटत नाही.

एक लहान वही कर आणि तपासून आलेल्या तुझ्या उत्तरपत्रिकांतून तुझ्याच चुका तीत उतरव. सर्वांच्या सर्वसाधारण चुका नकोत, तुझ्याच हव्यात. ‘माका’, ‘तुका’ लिहिताना कोणाच्या हातून सहसा येत नाही, ती रूपे डोळ्यांना लगेच खटकतात. घोटाळा होतो तो क्रियापदांत. ‘मी जातंय’ हे तोंडात इतके बसलेले असते की कागदावर ‘मी जातो’ऐवजी ते कधी उतरले हे कळत नाही, आणि ‘करूक’, ‘जावूक’ यांच्या सवयीमुळे ‘करायला’, ‘जायला’ लिहिताना हात अडखळतो. अशा आठ-दहा जागाच असतात. त्या एकदा सापडल्या की उत्तर लिहून झाल्यावर केवळ त्या जागांसाठी एक नजर फिरवायची. शुद्धलेखन, आशय, अक्षर असे सगळे एकदम तपासायला गेलास तर काहीच सापडणार नाही.

रोज दहा ओळी लिही. विषय गावातलाच घे: बंदरावरचा लिलाव, एसटीचा प्रवास, जत्रा, रापण ओढणे. आधी प्रसंग कोणाला तरी मालवणीत सांग, मग तो प्रमाण मराठीत लिही. विचार जुळवणे आणि भाषा सांभाळणे ही दोन कामे अशी वेगवेगळी केली की दोन्ही सोपी होतात. विज्ञान आणि इतिहासाची मोठी उत्तरेही याच रीतीने तयार करता येतील. कथालेखनात एखाद्या पात्राच्या तोंडी मालवणीतील एखादे वाक्य अवतरणचिन्हांत आले तर माझ्या मते बिघडत नाही. निवेदन मात्र प्रमाण भाषेत असावे.

गुणांचाही हिशेब पाहून ठेव. मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ आणि भाषाभ्यासाला १६ गुण आहेत. म्हणजे निम्मी कृतिपत्रिका पाठांतराची नाहीच. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात यांचे आराखडे ठरलेले असतात आणि ते सरावाने हातात बसतात. पत्रलेखनाचे दोन नमुने पाठ करून मुले थांबतात, त्याऐवजी प्रत्येक प्रकारात स्वतः लिहिलेले तीन-चार नमुने सरांकडून तपासून घे.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमचे गाव आहे. शिमग्याला पालखी घरी येते, मुंबईचे चाकरमानी येतात, घर भरून जाते. मुलीची दहावीची परीक्षा नेमकी तेव्हाच असते. तिला महिनाभर तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे ठेवावे काय?

उत्तर : शिमगा आणि दहावी यांची गाठ आपल्याकडे चुकत नाही. २०२५ मध्ये लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीपासून १७ मार्चपर्यंत होती आणि होळी १३ मार्चला होती. तरीही, केवळ शिमग्यासाठी मुलीला घराबाहेर ठेवावे असे मी सुचवणार नाही. परक्या घरात झोप नीट लागत नाही, जेवणाच्या वेळा बदलतात आणि आपल्यामुळे कोणाची तरी अडचण होते आहे ही जाणीव मुलींना अधिक टोचते. परीक्षा केंद्र फार दूर असेल आणि सकाळी वेळेवर एसटी नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

वेळापत्रक हाती आले की ते कॅलेंडरवर उतरवून घ्या आणि पालखीचा दिवस, त्याच्या आदल्या व दुसऱ्या दिवशीचा पेपर हे एकत्र पाहा. पेपर दुसऱ्याच दिवशी असेल तर पालखीचे दर्शन घेऊन तिने शेजारच्या शांत घरी अभ्यासाला बसावे, अशी सोय आधी करून ठेवा. मध्ये सुट्टी असेल तर तिला दोन-चार तास नाचू-खेळू द्या. त्या काळात नवे काही वाचायचे नसते, आधी केलेल्या प्रश्नांची उजळणी करायची असते, आणि ती वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांतही होते. त्यासाठी लागणारे प्रश्नांचे कागद तिने फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच तयार ठेवावेत, ही मात्र अट आहे.

येणाऱ्या पाहुण्यांना फोनवरच एक गोष्ट सांगून ठेवा: ‘पेपर कसा गेला, किती टक्के पडतील’ असे तिला कोणी विचारू नये. ढोलाच्या आवाजापेक्षा या चौकशीने जास्त अभ्यास बुडतो.

प्रश्न : राजापूर तालुक्यातून लिहीत आहे. मैत्रिणी रात्री दोन वाजेपर्यंत चहा घेऊन जागतात. मला अकरालाच झोप येते. मी मागे पडेन का?

उत्तर : पडणार नाहीस. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत होते, त्यामुळे झोप कापून केलेला अभ्यास बराचसा वाया जाऊ शकतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षे वयासाठी रोज ८ ते १० तास झोपेची शिफारस केली आहे. शिवाय बोर्डाचा पेपर सकाळी ११ वाजता असतो, रात्री दोन वाजता नाही. जानेवारीपासून आठवड्यातून एकदा तरी सकाळी ११ वाजता बसून पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. मैत्रिणींना झोपू दे किंवा जागू दे, त्यांच्याशी तुलना करण्यात तुझा वेळ जातो आहे तेवढा मात्र वाचव.

प्रश्न : लांजा तालुक्यातून एक पालक. कोकण विभागाचा निकाल दरवर्षी राज्यात सर्वांत वर असतो. आमच्या गावात गेली अनेक वर्षे कोणी नापास झाले नाही. माझा मुलगा गणितात फार कच्चा आहे, सराव चाचणीत ८० पैकी १५ गुण मिळाले. तो एकटाच राहिला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे त्याची आजी त्याला रोज बजावते. आता तीन महिन्यांत काय होणार?

उत्तर : रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या कोकण विभागाचा २०२५ चा निकाल ९८.८२ टक्के होता, राज्याचा ९४.१० टक्के. ही अभिमानाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण हा आकडा विभागाचा आहे. आपल्या मुलाला वर्गसमीकरण सोडवता येते की नाही, हे त्यातून कळत नाही, आणि त्याच्यावर ओझे म्हणून लादण्यासाठी तर तो नाहीच. आजींना माझा नमस्कार सांगा आणि परीक्षेपर्यंत हे वाक्य बोलू नये अशी विनंतीही करा. घाबरलेल्या मुलाचे निम्मे लक्ष भीतीतच अडकलेले असते आणि गणिताला ते लक्ष लागते.

तीन महिन्यांत बरेच होऊ शकते, मात्र कोठून सुरुवात करायची ते ठरवले पाहिजे. गणितात लेखी ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० मिळून १०० गुण असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३५ लागतात. बीजगणित आणि भूमिती या ४० गुणांच्या दोन्ही प्रश्नपत्रिकांत पहिला प्रश्न एकेका गुणाच्या उपप्रश्नांचा आणि दुसरा दोन-दोन गुणांच्या उपप्रश्नांचा असतो. या दोन प्रश्नांतच प्रत्येकी २० गुण, म्हणजे निम्मी प्रश्नपत्रिका आहे. दुसऱ्या प्रश्नात चौकटी भरून ‘कृती पूर्ण करा’ असे उपप्रश्नही असतात, त्यांत पायऱ्यांची दिशा दिलेलीच असते. त्याने पहिला महिना केवळ या दोन प्रश्नांवर घालवावा. चार गुणांची आव्हानात्मक उदाहरणे तूर्त बाजूला राहू द्यावीत. कोणी म्हणेल, हे ध्येय फार खालचे झाले. पण ८० पैकी १५ गुणांवर असलेल्या मुलापुढे आजच अवघड उदाहरणे ठेवली तर तो वही मिटून उठेल.

या आठवड्यात करायचे काम एवढेच आहे. सराव चाचणीची उत्तरपत्रिका शाळेतून पाहायला घ्या आणि त्याला शेजारी बसवून गेलेल्या गुणांचे तीन ढीग करा: पद्धतच माहीत नव्हती असे, पद्धत माहीत होती पण आकडेमोड चुकली असे, आणि वेळ न पुरल्याने सोडलेले. माझा अनुभव असा की दुसरा आणि तिसरा ढीग पालकांच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो. आकडेमोड चुकत असेल तर दहावीचे पुस्तक काही दिवस बाजूला ठेवून अपूर्णांक, ऋण संख्यांच्या बेरजा-वजाबाक्या आणि सोपी समीकरणे यांचा रोज वीस मिनिटे सराव करावा लागेल. त्यासाठी सातवी-आठवीची पुस्तके काढण्यात त्याला कमीपणा वाटू देऊ नका. वेळेविषयी एक माहिती उपयोगी पडेल: प्रश्नपत्रिका पूर्वी दहा मिनिटे आधी मिळत असे, २०२३ पासून ती पेपरच्या वेळीच मिळते आणि शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली जातात. त्यामुळे ४० गुणांच्या पेपरला २ तास १० मिनिटे मिळतात. वाचण्यात गेलेला वेळ शेवटी परत मिळणार आहे हे त्याला ठाऊक असेल, तर तो पहिली पाच मिनिटे शांतपणे पूर्ण प्रश्नपत्रिका वाचू शकेल आणि जे येते तेथून सुरुवात करील.

आणि समजा, एवढे करूनही एक विषय राहिला, तर काय होते, हेही त्याला परीक्षेच्या आधीच सांगून टाका. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैच्या सुमारास होते आणि एक किंवा दोन विषय राहिलेल्या विद्यार्थ्याला एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. ही माहिती त्याच्या वर्गशिक्षकांकडून त्याच्यासमोरच विचारून घ्या, म्हणजे आपण केवळ समजूत घालत आहोत असे त्याला वाटणार नाही.